दस्तगीरमामूची दम घेणारी शेगडी

निजामाच्या अमलातली गोष्ट म्हटलं की तुम्ही जरा पुढं सरकून बसणार, मला माहीत आहे. आता बंदुका निघतील, कुणीतरी भिंतीवरून उडी मारून सरहद्दीपार जाईल. बसा मागं टेकून. यात बंदूक नाही. घोडा एक आहे, पण तो टांग्याचा, त्यातून लंगडा, आणि त्याचा या गोष्टीशी काहीच संबंध नाही. यात आहे शेगडी. शेगडी ऐकून कुणी उठून चालला असेल तर खुशाल जावं. आमच्या मुरूम गावातसुद्धा दस्तगीरमामू शेगडीवर बोलायला लागला की लोक असेच उठून जायचे.

मामूच्या उजव्या कानात कायम कापसाचा बोळा. नवख्याला वाटायचं, अत्तराचा फाया आहे. जवळ जाऊन हुंगलं तर राखेचा आणि रॉकेलचा वास. त्या बोळ्यातली एक बारीक तार उपसायची, दोन बोटांत धरायची आणि दिसेल त्या फटीपुढं न्यायची, हा मामूचा नाद. तार हलली की गडी खूश. "बगा, हवा हितनं येती." नाही हलली की तोंड पाडून विचारायचा, "मंग ही दम कुठनं घेती?" ही म्हणजे कुणीही. चूल, भट्टी, खोली, लोखंडी ट्रंक. एकदा शाळेच्या छताचा पत्रा बसवायला आला होता. हेडमास्तर खुर्चीत झोपलेले. मामूनं त्यांच्या नाकापुढं तार धरली आणि आम्हाला हळूच सांगितलं, "डावी बाजू बंद हाय."

मामू आधी जिनिंगच्या बॉयलरवर आगवाला होता. आगीला हवा किती, कुठून, कशी द्यायची हे त्याच्या हातात बसलेलं. मग एक दिवस नोकरी सोडली आणि पेठेच्या टोकाला पत्र्याचं दुकान टाकलं. चिमण्या, नरसाळी, डबे. जर्मनची लढाई चालू होती, नवा पत्रा औषधालाही मिळत नव्हता, म्हणून रॉकेलचे जुने डबे कापून काम चालायचं. नोकरी का सोडली विचारलं तर म्हणायचा, "बॉयलरला बघणारे लई हायेत." एकटाच राहायचा. लोक म्हणायचे, बॉयलरपुढं बसून बसून डोकं तापलंय.

मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. वस्तानियात, म्हणजे मिडलच्या परीक्षेत, दोनदा आपटलेला, पण नकला करण्यात गावात अव्वल. हकीमसाहेब नाडी बघताना कसे डोळे मिटतात, कोंडाबाई सुईण दारातूनच कशी ओरडते, तहसीलचा पेशकार पान खात कसा 'कल आव' म्हणतो, सगळे माझ्या घशात भाड्यानं राहायला होते. माझी आईसुद्धा. पण खरी मागणी मामूला. पारावर गेलो की ओरडा व्हायचा, "दस्तगीर कर रे, दस्तगीर!" मग मी आधी मामूचा तो खोल खोकला काढायचो, कानातून नसलेली तार उपसायचो आणि ओल्या गोवरीसारख्या आवाजात म्हणायचो, "मंग ही दम कुठनं घेती?" माणसं पोट धरून लोळायची. शेवटी शेवटी तर खऱ्या मामूपेक्षा माझाच मामू गावात जास्त चालायचा. मला तेव्हा त्याचा लई अभिमान होता.

तर शेगडी. मामूचं म्हणणं असं, की आपली शेगडी आंधळी असते. घमेल्यात गोवऱ्या टाकल्या, पेटवल्या, झालं. खालून हवा नाही, त्यामुळं अर्धी गोवरी जळते आणि अर्धीचा धूर होतो. त्याच्या शेगडीला बुडाशी जाळी, जाळीखाली राखेचा खण, खणाला पुढं झडप. झडप जितकी उघडाल तितकी आग. आणि वर गळ्याशी चौफेर बारीक भोकं. ही कशाला, मी विचारलं होतं.

"धुरातबी जळायचा माल ऱ्हातो बेटा. त्याला वर परत हवा दे. मंग धूर ऱ्हातच न्हाय."

"आन् मंग बी ऱ्हायला तर?"

"तर ह्यो नळ हाय की बाहीर न्यायला. तू काय मला येडा समजतो का?"

समजत तर सगळेच होते. पहिली शेगडी स्वतःच वितळली. चौथीनं मामूची दाढी एका बाजूनं नेली, महिनाभर तो अर्धा मौलवी आणि अर्धा पोस्टमन दिसत होता. सातवी त्यानं हॉटेलवाल्या शिवलिंगप्पाला वापरून बघायला दिली. तिनं हवा अशी काही ओढली, की घूंऽऽ करून घुमायलाच लागली. बाकड्यांवरच्या लोकांना वाटलं, पोलिसांच्या अमीनसाहेबाची मोटार आली. दोघं मागल्या दारानं पळाले, एकजण कडब्याच्या गंजीत शिरला, आणि एकानं खिशातला कागद चावून गिळला. नंतर कळलं, कागद सोयरिकीचा होता. ती सोयरीक मोडली, ते खापर मामूवर.

इथवर हसण्यासारखं होतं. पण मामू या शेगड्या करायचा ते हॉटेलसाठी नव्हे. गावात कुठं बाळंतीण आहे हे कोंडाबाईच्या आधी मामूला कळायचं. आमच्याकडं बाळंतिणीची खोली म्हणजे दार बंद, झरोक्यात चिंध्या, बाजेखाली घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव. वारं लागू नये म्हणून. मामू त्या दारात जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "घमेलं काढा, माझी शेगडी ठेवा. फुकट देतो." बाप्या माणसानं बाळंतिणीच्या दारात! बायका पदर खोचून बाहेर यायच्या. एका म्हातारीनं तर त्याच्यावर शेणाचा गोळा फेकला होता. मामूनं तो हातात घेऊन दाबून बघितला आणि म्हणाला, "ओला हाय, धूर करंल." हेही मी पारावर करून दाखवलं. वाहवा मिळाली.

मग मार्गशीर्षात माझी बहीण शेवंता बाळंत झाली, आमच्याच घरी. पहिलंच. मुलगी झाली. थंडी अशी की पितळी तांब्याला हात लावावासा वाटेना. आईनं घमेलं भरलं, खोली धुरानं कोंदली. शेवंताचे डोळे सुजले, खोकून खोकून पोटात कळा यायला लागल्या. दुसऱ्याच दिवशी मामू तेरावी शेगडी डोक्यावर घेऊन दारात.

आई त्याला शिव्या देणार होती. पण आतून शेवंता म्हणाली, "आये, ठिवू दे की गं. माझ्यानं दम घेवंना."

आईनं ठेवू दिली. मामूनं उंबऱ्याबाहेर बसून मला सांगितलं, मी आत बसवली. नळ झरोक्यातून बाहेर काढला. आणि काय सांगू, तासाभरात खोली उबदार, आणि धूर म्हणाल तर डोळ्यात घालायला नाही. शेवंता दोन दिवस सलग झोपली. पोरगीही. मामू सकाळ-संध्याकाळ अंगणात यायचा, नळाच्या तोंडावरची थरथरणारी हवा बघायचा आणि जायचा. त्याला इतका खूश मी कधी बघितला नव्हता.

त्या खुशीतच त्याचं चुकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आईला बोलावून त्यानं दाराच्या फटीपाशी कापसाची तार धरली. तार सपकन आत वळली.

"बगा माय, शेगडी दारातनं कशी हवा आत वढती!"

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मामूला वाटलं, ती थक्क झाली.

तो गेल्यावर आईनं कंबर कसली. "बया, माझ्या लेकीच्या अंगावरनं वारं वढतंय मेलं!" दाराच्या फटीला वाकळ कोंबली. शेगडीच्या झडपेवर मातीचा लपका मारला. ऊब बाहेर वाया चाललीय म्हणून नळाच्या तोंडात गवताचा बोळा घातला. वर चार गोवऱ्या जास्तीच्या टाकल्या, आणि लेकीचा डोळा लागलाय म्हणून दार ओढून स्वयंपाकघरात डिंक तळायला बसली.

मी पारावर होतो. दुपारची वेळ, गर्दी चांगली, आणि मी मामू करत होतो. झडप, जाळी, शेण, सगळं. एवढ्यात आमच्या गल्लीतला एकजण हसत हसत आला आणि मला बघून थबकला.

"तू हितं हायेस?"

"मंग कुठं आसंन?"

"मंग तुमच्या अंगणात दस्तगीरची नक्कल कोण करालंय?"

मी पळालो.

झालं होतं असं. मामू फेरीला आला, नळाच्या तोंडात गवत दिसलं, वरची हवा थरथरत नव्हती. त्यानं अंगणातून हाका मारल्या. "माय, खोली उघडा! दम कोंडलाय! दम कुठनं घेतील ती!" आणि स्वयंपाकघरातून आई ओरडली, "गप ए मुडद्या! तुझ्या नकला पारावर कर. ताईचा डोळा लागलाय." मामूनं आणखी मोठ्यानं हाक मारली. शेजारच्या ओट्यावरचे म्हणाले, "आज तर हुबेहूब जमलंय!" भिंतीमुळं त्यांना तो दिसत नव्हता. चार हाका. पाच हाका. बाळंतिणीच्या दारात मामू उभा राहायचा, पण उंबरा त्यानं कधी ओलांडला नव्हता. त्या दिवशी लाथेनं दार उघडलं.

मी पोचलो तेव्हा शेवंता ओट्यावर पडलेली, मान एकीकडं, ओकत होती. मामूच्या हातात पोरगी. तो गुडघ्यावर बसला होता आणि तिच्या नाकापुढं तार धरली होती. तार हलत नव्हती. मामूचा हात मात्र इतका हलत होता, की मला कळेना कशाचं काय हलतंय. मी त्याचं मनगट घट्ट धरलं. मग तार हलली. जराशी. मग पोरगी रडली.

आई बाहेर आली आणि तिनं जे बघितलं ते असं: बाळंतीण उघड्यावर, तान्हं पोर थंडीत, आणि दस्तगीर खोलीचं दार मोडून बसलेला.

"माझी लेक वाऱ्यात आणून टाकली! चालते व्हा तुमी! न्या ती अवदसा!"

मी म्हटलं, "आये, त्यांनीच वाचवलंय."

"त्या शेगडीनंच मारलं आसतं! घमेल्यानं कधी कोण मेलंय का?"

मामूनं पोरगी आईच्या हातात दिली. मी शेगडी त्याच्या डोक्यावर चढवून दिली. अजून गरम होती. संध्याकाळी बाजेखाली घमेलं परत आलं. एक केलं मी, झरोक्यातल्या चिंध्या रोज गुपचूप काढत राहिलो, आणि आई रोज परत कोंबत राहिली.

शेवंता आणि पोरगी तगल्या. पण त्याच महिन्यात आमच्या मागल्या गल्लीत साळ्याची बाळंतीण सून, घमेलं, बंद दार, सकाळी हाक मारली तर उठलीच नाही. बायका म्हणाल्या, वारं लागलं. आई त्या घरून आली, आंघोळ केली आणि मला म्हणाली, "बगितलंस? कुठंतरी फट ऱ्हायली आसंल."

मी तसाच मामूच्या दुकानी गेलो. तो तेरावी शेगडी कापत बसला होता. जाळी काढून बाजूला ठेवलेली. गळ्याच्या पत्र्याच्या चिमण्या निघत होत्या.

"मामू, आता परत कधी तुमची नक्कल करणार न्हाय. आयची आण."

त्यानं कात्री थांबवली नाही. म्हणाला, "माझ्या घरीबी घमेलंच व्हतं. मी बॉयलरवर. बॉयलरची हवा जरा कमी झाली की सायब खवळायचा, मंग दर घटकेला बगायचो. घरचं कुनी बगितलं न्हाय. मायलेकरं दोघंबी गेली. लेकरू सा दिसाचं व्हतं."

कात्री चालूच होती. मग तोच म्हणाला, "नक्कल कर. म्या सांगून कोन ऐकत न्हाय. तुला ऐकायला मानसं जमतेत. हकीमसायबाच्या आवाजात बोल, की बाळंतिणीच्या खोलीत हवा पायजे."

मी डोळे मिटले, हकीमसाहेब काढले. "हवा चाहिये, बीबी, हवा..." आणि थांबलो.

"का रं?"

"हकीमसायब असं म्हनत न्हायत, मामू. ते म्हनतेत, पडदा लावा."

"कोंडाबाईचा काढ."

कोंडाबाई काढली. दारातूनच ओरडायला तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून एकच यायला लागलं, दार लावा गं बायांनो.

"तुझ्या आयचा काढ."

आईचा आवाज मला झोपेतही येतो. त्या दिवशी नुसतं "पोरींनो" एवढंच आलं. पुढं काही येईना.

मामूनं कात्री आपटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्यावर चिडलेला मी बघितला. उभा राहून, बोट नाचवत, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा ओरडला, "आरं, अख्खं गाव घशात घेऊन हिंडतोस भाड्या, आन् त्यात हे बोलनारं येक बी मानूस न्हाय?"