ड्रोनची ओटी

एक सीताफळ. मी फक्त एक सीताफळ ठेवायचं ठरवलं होतं, हे आधीच लिहून टाकते. कारण गावात आता जो तो आपापल्या मनानं भर घालून सांगतो. परवा गिरणीत एक बाई दुसरीला सांगत होती की वनमालाबाईनं ड्रोनमध्ये कोंबडी घातली. कोंबडी नव्हती. (कोणी आणून दिली असती तर मी काय केलं असतं, ते विचारू नका.)

आमच्या शेजारी भागवत राहतो. आमच्या दोन घरांत भिंत एकच. तिकडं फोडणी पडली की इकडं मला शिंक येते. त्यामुळं लोक म्हणतात तशी मी चौकशा करत हिंडत नाही, बातमी आपल्या पायानं माझ्याकडं येते. (नाही आली तर मी विरजण मागायला जाते.) भागवतची लेक ऋतुजा बीडला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या आधी ती सुट्टीला आली आणि गच्चीवर काहीतरी घोंगावायला लागलं. मी लगेच विरजण मागायला गेले.

"काकू, हा माझा ड्रोन," ऋतुजा म्हणाली.

ड्रोन मला फक्त लग्नातला माहीत. नवरा-नवरीच्या डोक्यावर भुंग्यासारखा फिरतो आणि सगळं वऱ्हाड अक्षता टाकायच्या सोडून वर बघत बसतं. पण ऋतुजानं समजावून सांगितलं. सरकारनं स्पर्धा काढली होती: ड्रोन अडल्या-नडल्या माणसाच्या उपयोगी कसा पडेल ते आधी आपल्या गावात करून दाखवा, निवडलेल्यांची शेवटची फेरी पुण्याला. तिनं ठरवलं होतं की औषधाचा डबा वरच्या वाडीला पोचवायचा. वाडी म्हणजे धारूरच्या डोंगरात आमच्या गावाच्या डोक्यावर आहे. पावसाळ्यात ओढा भरला की रस्ता बंद, आणि मोबाईलला रेंज तर उन्हाळ्यातही नाही. वाडी माझं माहेर. माझा भाऊ सुग्रीव आणि भावजय ताराबाई तिथंच राहतात.

भागवतला मात्र हे काही पसंत नव्हतं. भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं.

"हे बघ ऋतू, येवढा एक खेळ. साहेब लोकांनी पुण्याला धाडलं तर जा, म्या अडवणार न्हाई. न्हाई धाडलं तर मुकाट्यानं साडी नेसायची आन् उमापूरच्या पाव्हण्यांपुढं पोह्याच्या बशा न्यायच्या. कवाचे तारीख मागायलेत ते."

मला इकडं भाकरी गोड लागेना. पोरगी किती हुशार, आणि पोहे तर तिला धड करताही येत नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव पडला. पुण्याहून एक मॅडम आणि एक किडकिडीत साहेब आले होते. त्यांच्या शेजारी आमचे सरपंच सुंदरराव नव्या जाकिटात. मैदानात फक्कीनं पांढरा गोल आखलेला. ड्रोननं औषध घेऊन वाडीला जायचं, तिथं कोणीतरी औषध काढून घ्यायचं, हिरवं बटन दाबायचं, आणि ड्रोननं परत येऊन बरोबर गोलात उतरायचं. हे 'कोणीतरी' मी होते. म्हणजे मला कोणी नेमलं नव्हतं, पण माहेर माझं असताना दुसऱ्या कोणाला पाठवणं बरं दिसलं असतं का?

"काकू, नीट ऐका," ऋतुजा म्हणाली. "औषध काढायचं. झाकण लावायचं. बटन दाबायचं. डबा रिकामा पाठवायचा."

"रिकामा?"

"रिकामा."

"पार रिकामा?"

"काकू, तुम्हाला जमणार नसेल तर..."

"जमंल की! त्यात काय हाय न जमायला?"

सकाळीच वाडीला जाऊन बसले. खळ्यात सगळी वाडी गोळा झालेली. थोड्या वेळानं घूं घूं करत ते आलं आणि खळ्याच्या मधोमध असं अलगद उतरलं की जणू पाव्हणीच टेकली. बायकांनी पदर सावरले. मी औषधं काढली, वाडीत औषधं वाटणाऱ्या आशाताईच्या हातात दिली, झाकण लावायला वाकले, तोच ताराबाईनं माझा हात धरला.

"वन्सं, डबा रिकामा धाडता?"

"वैनी, ऋतुजानं तसंच सांगितलंय."

"तिला काय कळतंय? लहान हाय ती. उद्या तिची माय गावभर सांगंल, वाडीला डबा धाडला तर विसळून परत दिला म्हणून."

हे मात्र माझ्या काळजाला लागलं. मी जन्मात कोणाचा डबा रिकामा परत केलेला नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालते. मी इकडंतिकडं बघितलं. साहेब लोक खाली, इथलं त्यांना दिसायचा प्रश्नच नाही.

"एक सीताफळ ठेवते," मी म्हणाले.

"एक?" म्हातारी छबुबाई पुढं आली. "एकलं फळ देत असतेत काय? जोडी ठेव."

जोडी ठेवली.

"आन् पयल्यांदाच दारात आलंय," छबुबाई म्हणाली. "ओटी न्हाई भरायची व्हय?"

"आजी, ओटी बाईची भरतात. हा ड्रोन हाय. तो ड्रोन."

"तो कावून? जीप ती, मोटर ती, आन् ह्योच तेवढा तो कावून?"

बायकांत वाद पेटला. निम्म्या 'तो' म्हणाल्या, निम्म्या 'ती'. शेवटी सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, कारण आशाताई औषधं घेऊन गेल्यावर उरलेल्यांत सातवीपर्यंत व्याकरण शिकलेली मीच. मी घसा साफ केला आणि म्हणाले, "हे यंत्र आहे. तो नाही, ती नाही. ते. नपुंसकलिंग."

मला वाटलं, सुटले.

"लेकरू बी 'ते'च असतंय," छबुबाई म्हणाली. "लेकराला कुणी रिकाम्या हातानं लावून देतं का?"

व्याकरणानं माझा असा घात केला.

मग नारळ आला. तांदूळ आले. हिरवा खण आला. ताराबाईनं सकाळपासून धपाटे थापले होते, ते आले, आणि धपाट्यांबरोबर चटणी नको का? छबुबाईनं ओंजळभर शेंगा कोंबल्या. नको म्हणायची सोय नव्हती, कारण मागं तिचं लोणचं मी परत केलं होतं तर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. वजन किती झालं असं मला नंतर खूप जणांनी विचारलं. ओटीचं वजन कोणी करतं का?

झाकण लागेना. मग तोच खण वरून घट्ट बांधला. समोर एक गोल चकचकीत काच होती, ती कपाळ समजून ताराबाईनं तिला हळदीकुंकू लावलं. (तो कॅमेरा होता.) आणि मी हिरवं बटन दाबलं.

ते उठलं. म्हणजे उठायला बघितलं. जेवणावळीत चार लाडू जास्त झालेल्या माणसासारखं कण्हत कण्हत वर गेलं, थोडं डावीकडं कललं, सावरलं आणि टेकाडामागं दिसेनासं झालं. बायकांनी हात जोडले.

"सुग्रीव, गाडी काढ," मी म्हणाले. निकाल माझ्या माघारी लागला असता तर गावाला खरी हकीकत सांगणार कोण?

मोटारसायकलवरनं घाट उतरून आम्ही मैदानावर आलो तर सगळी माणसं वर बघत उभी. ड्रोन आलाच नव्हता. मांडवात ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दाखवायला पडदा लावला होता, त्यावर आधी म्हणे अख्खा डोंगर लालेलाल दिसला. सुंदरराव "वणवा! वणवा!" म्हणून ओरडले. मग पडदाच काळा झाला. किडकिडीत साहेब घड्याळ बघत होते. भागवत टोपी हातात घेऊन मांडवाच्या खांबाला टेकला होता. आणि ऋतुजा? ती हातातल्या रिमोटची बटनं पुन्हा पुन्हा दाबत होती.

"काकू," ती माझ्याजवळ आली. "डबा रिकामा होता ना?"

"म्हणजे... औषध सगळं काढून घेतलं, बाई."

"रिकामा होता का?"

"औषधाच्या बाबतीत एकदम रिकामा होता."

"काकू!!"

तेवढ्यात शेरडं राखणारा हनुमान मैदानात शिरला. कोकरू घ्यावं तसा ड्रोन त्याच्या दोन्ही खांद्यांवर आडवा, आणि मागं त्याची सगळी शेरडं.

"हे कुणाचं हाय बे? घाटाच्या पायथ्याला माझ्या शेरडांत येऊन बसलंय. शेंगा शेरडांनी खाल्ल्या, आदीच सांगतो. बाकी कशाला त्वांड लावू दिलं न्हाई."

मॅडमनी खण सोडला. नारळ निघाला. सीताफळं निघाली. धपाटे निघाले.

"मॅडम," सुंदरराव पुढं झाले, "वाडीनं आपला सत्कार पाठवलेला दिसतो."

"गोलात उतरलं नाही," किडकिडीत साहेब म्हणाले. "बाद."

ऋतुजा खाली बसून ओढणीनं ड्रोनवरचे तांदूळ झटकायला लागली. मला राहवेना. "साहेब, तिनं सांगितलं होतं रिकामा धाडा म्हणून. चूक माझी हाय. बाद करायचं तर मला करा."

"तुम्ही स्पर्धेत आहात का?"

"न्हाई."

"मग तुम्हाला बाद कसं करू?"

मॅडम धपाट्याचा तुकडा मोडून खात होत्या. खाता खाता त्यांनी ऋतुजाला विचारलं, "किती वजन उचलायला बनवलंयस? आणि इतकं घेऊन हे घाट उतरून आलं?" मग साहेबांकडं वळल्या. "यंत्राचा दोष नाही. अजून एकदा उडवू दे. दुसरी बॅटरी आहे ना? वर मात्र दुसरं कोणीतरी पाठव."

"कोणीही चालेल," ऋतुजा म्हणाली. "काकू सोडून."

खांबाजवळून आवाज आला. "म्या जातो."

भागवत! टोपी डोक्यावर घालून तो सुग्रीवच्या मागं बसलासुद्धा.

ते वर पोचले असतील एवढा वेळ गेल्यावर ऋतुजानं ड्रोन पुन्हा सोडला. मी शाळेच्या पायरीवर बसले. जीव मुठीत. कारण मला वाडी माहीत होती. रेंज नाही, त्यामुळं खाली काय झालं ते तिथं कोणाला कळलेलं नव्हतं, आणि दुसऱ्या खेपेला आलेला पाहुणा म्हटल्यावर ताराबाईनं तर थेट पुरण घातलं असतं शिजायला.

पण ड्रोन आला. हलका, सरळ, खाली बघत बघत यावा तसा आला आणि गोलाच्या मधोमध बसला. मॅडमनी झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. रिकामा डबा बघून मला आनंद झाला, असं जन्मात पहिल्यांदाच घडलं.

साहेबांनी ऋतुजाचं नाव पुण्यासाठी पुकारलं आणि लोक टाळ्या वाजवत होते, तेव्हा भागवत परत आला. गळ्यात हिरवा खण, कडेवर नारळ, दोन्ही खिशांतून शेंगा सांडतायत, मांडीवर सीताफळांचं गाठोडं. ड्रोन उडेपर्यंत डब्यावर दोन्ही हात ठेवून तो वाडीत बसून राहिला होता म्हणे. ड्रोनची ओटी भरू देत नाही म्हटल्यावर वाडीनं त्याचीच भरली होती.

"जमलं का?" त्यानं एवढंच विचारलं. ऋतुजाची मान हलली तशी तो माझ्याकडं वळला. "वैनी, उमापूरला कुणी जाणारं असलं तर निरोप धाडा. म्हणावं, पोरगी पुण्याला चाललीय. पोहे तुमचे तुमी खा."

हा निरोप मी किती लवकर पोचवला ते सांगत नाही.

पुण्यात ऋतुजाचा नंबर आला. आल्या आल्या ती म्हणाली, "काकू, मोठ्या हॉलमध्ये पडद्यावर तुमचा फोटो दाखवला. सगळे टाळ्या वाजवत होते." मी त्या दिवशी दळण नसताना गिरणीत गेले. चौसाळ्याच्या चुलतबहिणीला फोन लावला. आमच्या यजमानांना, बद्रीनाथरावांना, चारदा सांगितलं. संध्याकाळी अंगणात शेजारपाजार गोळा करून ऋतुजाला म्हटलं, दाखव सगळ्यांना.

मोबाईलवर माझा फोटो आला. मैदानावरचा, हिरव्या साडीतला, छान आलेला. बायका "अगं माय!" म्हणाल्या. यजमानांनी चष्मा लावला आणि फोटोच्या वर लिहिलेलं मोठ्यानं वाचलं.

"उड्डाणातील मुख्य धोके. एक, जोराचा वारा. दोन, विजेच्या तारा. तीन..."

तिसऱ्याला शब्द नव्हते. नुसता फोटो होता.