चवळीची स्वच्छ ओळ

त्या रविवारी दुपारी बाबांचा डोळा लागल्याचं बघून लेकीने ठरवलं, आज त्यांना मदत करायचीच. ती ग्रंथपाल. बागकामावरची पुस्तकं तिने इतकी वाचली होती, की हाताला माती लावायची कधी गरजच पडली नव्हती.

घरामागे चवळीच्या चार ओळी. पहिलीत अळ्या रुसलेल्या जावयांसारख्या ठाण मांडून बसलेल्या. तिने पातेल्यात साबणाचं पाणी घेतलं आणि एकेकीला वेचून बुडवलं. चारही ओळी साफ करायच्या होत्या, पण पहिलीतच कंबर धरली. उरलेल्या तिन्ही तिने उदारपणे देवावर सोडल्या.

बाबा पीकसंशोधक. औषध फवारणं न परवडणाऱ्या अर्ध्या-पाऊण एकरवाल्यांसाठी कीड न लागणारी चवळी ते अकरा वर्षं शोधत होते, हे तिला ठाऊक होतं. पण पहिल्या ओळीत त्यांचं नवं वाण होतं, बाकीच्यांत नेहमीची चवळी, आणि शेवटच्या चाचणीसाठी त्यांनीच डब्यात वाढवलेल्या अळ्या चारही ओळींत रोपागणिक दहा मोजून ब्रशने सोडल्या होत्या, हे तिला माहीत नव्हतं; विचारायचं सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी बाबा वही घेऊन मागे गेले आणि धावत परत आले. जिना चढताना दोनदा थांबणारा माणूस.

"तीन ओळींत नुसती वळवळ, आणि आपल्या ओळीत एकही नाही गं. भिंगाने बघितलं."

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी स्वतः चहा करून आणला, तिच्या पायगुणाचं कौतुक केलं. तोंड उघडलेलंच होतं, तिने चहा प्यायला. सकाळी सांगू, असं मनाशी म्हणाली.

सकाळी बाबा उठले नाहीत.

तीन आठवड्यांनी बाबांच्या संशोधन केंद्राच्या सभागृहात नव्या वाणाचं बियाणं वाटायला तिलाच मानाने बोलावलं. बाबांच्या सहकारी बाईंनी वहीतली नोंद वाचली : अळ्या शून्य, फवारणी नको. टाळ्या पडल्या. तीही वाजवत होती, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

रांगेतल्या पहिल्या म्हातारीने पुडी घेतली, पण हलेना.

"नक्की फवारायला नको ना, ताई? माझं रान एवढंच आहे. गेलं तर वर्ष गेलं."

लेकीने पुडी तिच्या हातातून हळूच काढून घेतली.

"आजी, थांबा. चवळीने काही केलं नाही. त्या अळ्या मी मारल्या, साबणाच्या पाण्यात. बाबा फार खूश होते, म्हणून मी बोलले नाही."