आभार मर्यादित

कोणत्याही चलनाला मोल येण्यासाठी दोन गोष्टी पुरतात. एक, ते थोडे असावे. दोन, ते कोणी काढले हे कुणालाही ठाऊक नसावे. सोन्याच्या बाबतीत या अटी फार पूर्वीच पूर्ण झाल्या. आभारांच्या बाबतीत त्या एका सोमवारी सकाळी, मुख्य कार्यालयाच्या सभागृहाबाहेरील फळ्यावर पूर्ण झाल्या.

फळ्यावर खडूने लिहिले होते: 'आभार मर्यादित. – व्य.'

हे कोणी लिहिले ते एकट्या आवक-जावक कारकुनाला ठाऊक होते, कारण ते त्यानेच लिहिले होते. शनिवारी वार्षिक समारंभ होता. आदल्या वर्षी आभारप्रदर्शनात वक्त्याने ध्वनिक्षेपकापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले आणि तोवर चहाचे पाणी झाले. म्हणून यंदा कारकुनाने आधीच सूचना लिहून ठेवली: 'वेळेअभावी आभार मर्यादित. – व्य. समिती.' व्य. म्हणजे व्यवस्था. रविवारी सफाईवाल्या मावशींनी दोन्ही टोकांना ओले फडके मारले. मध्ये उरले ते उरले.

सोमवारी हिशेबनीस आला. 'अमुक पतसंस्था मर्यादित', 'तमुक ग्राहक भांडार मर्यादित' असल्या पाट्या वाचण्यात ज्याची हयात गेली, त्याने 'मर्यादित' या शब्दाचा दुसरा काय अर्थ घ्यावा? नवी संस्था निघाली हे त्याने ताबडतोब ओळखले. भांडवल किती, एवढाच प्रश्न होता. सभागृहात खुर्च्या चारशे, तेव्हा आभारही चारशे. (इतक्या भक्कम पायावर फार थोडी चलने उभी आहेत. इथे निदान खुर्च्या तरी होत्या.)

दुपारपर्यंत ते वाटून झाले आणि नियम ठरले. ज्याचे आभार मानाल, त्याच्या खात्यात तुमच्याकडचा एक आभार जाईल. आभार मोठ्याने मानावेत. हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माना डोलल्या की व्यवहार पक्का. शिक्का नको, पावती नको, साहेबांची सही नको. सही नको म्हटल्यावर जुन्या कर्मचाऱ्यांचे डोळेच पाणावले. 'आभार' हा शब्द अनेकवचनी आहे, 'एक आभार' म्हणता येत नाही, असे एका निवृत्त मास्तरांनी कळवले. त्यांना काळाबरोबर चालता येत नाही, असे त्यांना कळवण्यात आले.

आभार मिळवायचे तर आधी कुणावर तरी उपकार करणे भाग होते. मुख्य दार उघडून धरायला एकाच वेळी अकरा जण उभे राहू लागले. आत मात्र कोणी जाईना, कारण जाणाऱ्याला आभार मानावे लागले असते. कर्मचारी मागच्या खिडकीतून चढून येऊ लागले. मग कुणीतरी खिडकीखाली स्टूल ठेवले आणि महिन्याभरात गबर झाला.

भावही चढला. पहिल्या दिवशी शिपायाने कँटीनमधल्या एका बिस्किटापायी चाळीस आभार उधळले होते. हल्ली बिस्किटाचा विषय निघाला की तो भिंतीकडे तोंड करून बसतो.

साहेबांनी पहिल्या परिपत्रकात या प्रकाराला 'शुद्ध बाष्कळपणा' म्हटले. दुसऱ्या परिपत्रकाने बाष्कळपणाच्या अभ्यासासाठी समिती नेमली. तिसऱ्याने यंदाची पगारवाढ आभारांत जाहीर केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. (पगारवाढीऐवजी पूर्वीही आभारच मिळत. पण तेव्हा त्यांना भाव नव्हता.) पुढे वाण्याने 'येथे आभार चालतील' अशी पाटी लावली, न्हाव्याने लावली आणि बघता बघता सगळ्या गावाच्या माना डोलू लागल्या.

पगारवाढीत कारकुनाच्या वाट्याला एक आभार आला. तो त्याला ताईसाठी हवा होता.

त्याचे असे झाले होते की स्टूलवाल्याचे आभार वाचवायला कारकुनाने एकदा स्टुलाशिवाय खिडकी चढायचा प्रयत्न केला आणि पाय मोडून घेतला. थोरली बहीण बातमी कळताच पहिल्या गाडीने आली. तिने त्याला आंघोळ घातली, डॉक्टरशी भांडली, भावजयीला झोपू दिले आणि पाय बरा होईपर्यंत हलली नाही. आता ती रविवारी परत जाणार होती. आपल्या माणसांचे आभार मानायचे नसतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होते. "परकी झाले का रे मी?" असे म्हणून तिने एक टपली मारली असती. पण या वेळी त्याच्या मनात फार दाटून आले होते आणि ती टपलीसुद्धा त्याला हवी होती.

बायको म्हणाली, "अहो, भाव कुठे चाललाय ते बघा तरी! आणि वन्सं काय पळून चालल्यात? दिवाळं निघालं का आपलं, असा असेल नसेल तो आभार काढून द्यायला?"

तेव्हा कारकुनाने हा फुगा फोडायचाच, असे ठरवले. शनिवारी चहाच्या वेळी तो उभा राहिला आणि म्हणाला, "अहो, ते फळ्यावरचं मीच लिहिलं होतं. चहा गार होऊ नये म्हणून."

कुणी फारसे मनावर घेतले नाही. असे सांगणारा तो आठवा होता. व्य. कोण, यावर एव्हाना तीन व्याख्याने झाली होती. व्य. म्हणजे व्यापारी, म्हणजे व्यासंगी, म्हणजे मुळात व्यक्तीच नव्हे, असे तीन पंथ होते आणि ते एकमेकांच्या टेबलावर बसत नसत.

"मग लिहून दाखवा," हिशेबनीस म्हणाला.

कारकुनाने त्याच फळ्यावर, त्याच खडूने, तेच लिहिले. तज्ज्ञांनी ते निरखून पाहिले.

"अक्षर जुळतंय," हिशेबनीस म्हणाला, "पण व्य. साहेबांच्या 'भ'मध्ये जो आत्मविश्वास आहे ना, तो यात नाही. बसा. चहा घ्या." गडबडीत भाव मात्र दुपटीने वाढला.

रविवारी तो लंगडत ताईबरोबर बसस्थानकावर गेला. तिने पिशव्या वर ठेवल्या, खिडकीशी बसली आणि म्हणाली, "पाय जपून टाक. आणि दारानं जात जा रे बाबा."

बस सुरू झाली. त्याने खिडकीचा गज धरला. "ताई, तुझे मनापासून आभा–"

अख्खी बस वळली. माना डोलायला तयार झाल्या. ताईने खिडकीतून हात काढून त्याचे तोंडच दाबले.

"गप! वेडा कुठला!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "इथे कशाला घालवतोस? ठेव जपून. पोरीच्या शिक्षणाला होईल."

टपली मारायची ती विसरली. बस गेली. कारकून बराच वेळ तिथेच उभा राहिला आणि त्याला रडू आले. हा प्रसंग हिशेबनिसाने नंतर नवीन गुंतवणूकदारांना आदर्श म्हणून सांगितला. खरे साठे बाजारात नसून घराघरांत, वर्षानुवर्षे न मानलेल्या स्वरूपात पडून आहेत, हा त्याचा सिद्धांत आता सर्वमान्य आहे.

कथेच्या शेवटी वाचकांचे आभार मानण्याची पद्धत आहे. आजचा भाव पाहता ते परवडणार नाही. तुम्हीही घाई करू नका. आज सकाळी तुमच्या हातात ज्या माणसाने चहाचा कप दिला, त्याचे आभार तुम्ही अजून मानलेले नाहीत. कालचेही नाहीत आणि गेल्या वर्षीचेही नाहीत. उत्तम. तुम्ही आमच्या कारकुनापेक्षा कितीतरी श्रीमंत आहात.