केशराच्या खोलीतली ऊब

रविवारी दुपारी चार वाजता देवासमध्ये रत्नाकर दिघ्यांच्या केशराच्या खोलीत अकरा माणसं झोपलेली होती. स्वतः रत्नाकरराव दारात उभे राहून तापमापकाकडे बघत होते. आकडा सतरावर असायला हवा होता. तो बावीसवर गेला होता, आणि बापूसाहेबांच्या प्रत्येक घोरण्यासरशी आणखी थोडा वर सरकतोय असं त्यांना वाटत होतं.

या अकरांपैकी एकालाही त्यांनी बोलावलं नव्हतं. एका शब्दानं बोलावलं होतं.

रत्नाकरराव मूळचे वाईचे. देवासच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर इथली माणसं देवीच्या टेकडीच्या पायऱ्या चढतात, नाहीतर शेजाऱ्याच्या पाण्याच्या मोटारीवर लक्ष ठेवतात. रत्नाकररावांनी केशर लावायचं ठरवलं. तेही माळव्यात, पहिल्या मजल्यावर, मातीशिवाय. याला कारण एक जुनी सहल. काश्मीरमध्ये त्यांची बस एका जांभळ्या शेताजवळून गेली होती, आणि "थांबवा" म्हणायला तोंड उघडेपर्यंत शेत मागे पडलं होतं. ते तोंड तेव्हापासून पुरतं मिटलंच नव्हतं, असं प्रेमलाताई म्हणत.

"केशर म्हणजे शेवटी एक यंत्रच," रत्नाकररावांनी बायकोला सांगितलं होतं. "थंडी, उजेड, हवा. तीन कळा सांभाळल्या की झालं. आणि यंत्रात माझी चूक होत नाही."

ज्या खोलीत हे यंत्र बसायचं होतं, ती प्रेमलाताईंची शिवणाची खोली होती. त्यांनी ती दिली, पण अट घालून.

"दिवाळीची साफसफाई काढीन तोवर मला एक फूल दाखवा. एकच. नाही दिसलं तर तुमची मांडणी भंगारात आणि माझं मशीन वर. मग केशराचं नाव या घरात खिरीतसुद्धा काढायचं नाही."

साफसफाई सोमवारपासून होती.

खोली मात्र बघण्यासारखी झाली होती. भिंतींना थर्मोकोल, मांडणीवर कंदांचे ट्रे, वर जांभळे दिवे. तिन्हीसांजेला पडद्याच्या फटीतून तो उजेड गल्लीत सांडायचा आणि समोरच्या दोरीवरचे पांढरे परकर जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखे दिसायचे. आत गेलं की बाहेरचा ऑक्टोबर विसरायला व्हायचं. गारवा, यंत्रांची एकसुरी गुणगुण, आणि कंदांतून वर आलेले टाचणीएवढे पांढरे कोंब. रत्नाकरराव तिथे स्टूलावर बसले की त्यांच्या डोळ्यांपुढून ती बस पुन्हा जायची. अलीकडे ती हळू जाऊ लागली होती.

अडचण एकच होती. एसी जेवढा गारवा देई, त्यातला बराचसा दिवे आणि दमटपणा शोषणारं यंत्र मिळून परत घेत. गरम हवा खिडकीतून काढून बघितली, तर समोरच्या वासंतीताईंनी निरोप पाठवला की तुमच्या खोलीचा श्वास आमच्या देवघरात येतो. राहिला माळा. छताला भोक पाडायचं, एक नळी आणि पंखा बसवायचा, गरम हवा माळ्यावर ढकलायची आणि तिथल्या झरोक्यातून पत्र्याबाहेर सोडून द्यायची. यासाठी जाणकार माणूस हवा होता. मुलगा प्रणव धारला राहायचा, पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला होता. अशी माणसं त्याच्या रोजच्या उठण्याबसण्यातली. रत्नाकररावांनी त्याला फोन लावला.

"खोलीत ऊब फार झालीये रे. माळ्यावरून बाहेर काढावी म्हणतो. कुणी चांगला माणूस असला तर पाठव."

वाईच्या माणसाच्या दृष्टीनं या वाक्यात काहीच गैर नव्हतं. उकाडा म्हणावा इतकं ते गरम नव्हतं. पांघरुणात असते तशी ऊब होती, म्हणून ते ऊब म्हणाले. पण प्रणव देवासात जन्मला आणि हिंदीत शिकला. त्याचं मराठी जेवणाच्या ताटापुरतं होतं: वाढ, पुरे, मीठ कमी आहे. त्यापलीकडचं तो हिंदीवरून जुळवून घेई. आणि हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा.

त्यानं फोन ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं बायकोला, जान्हवीला सांगितलं की पप्पा खोलीत बसून बसून पार कंटाळलेत. माळेवरून कंटाळा घालवायचं म्हणतायत. म्हणजे जपाची माळ. कुणी चांगला माणूस मागतायत. जान्हवीला वाईट वाटलं. तिचे चुलत आजोबा बापूसाहेब धारलाच असत. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी दरबारात चवऱ्या ढाळल्या होत्या, आणि आता ते स्वतः दिवसभर माळ ओढत.

शुक्रवारी बापूसाहेब देवासला उतरले. लग्नाच्या वेळी ते तापानं फणफणले होते, त्यामुळे रत्नाकररावांनी त्यांना आधी पाहिलेलं नव्हतं. आपण जान्हवीचे चुलत आजोबा, अशी ओळख त्यांनी दारातच दिली. पांढरा अंगरखा, खांद्याला कापडी पिशवी. हत्यारं पिशवीत असतील असं रत्नाकररावांनी धरून चाललं.

"माळेचं काम आहे म्हणाले प्रणवराव," बापूसाहेब म्हणाले.

"माळ्याचं, हो. आपल्याला सवय आहे ना?"

"आम्ही रोज करतो. पहाटे, स्नान आटोपून."

अंघोळ करून माळ्यावर चढणारा कारागीर रत्नाकररावांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यांचा आदर वाढला.

"साधारण किती लागेल?"

"एकशे आठ."

"बाजारात एकशे दहाची मिळते."

बापूसाहेबांनी त्यांच्याकडे करुणेनं बघितलं. "बाजारात काय वाटेल ते मिळेल. शास्त्रात एकशे आठच."

रत्नाकरराव त्याच संध्याकाळी एकशे दहा मिलिमीटरची प्लास्टिकची नळी घेऊन लेथ चालवणाऱ्या ओळखीच्या खरादवाल्याकडे गेले आणि ती घासून एकशे आठ करून आणली. दोन मिलिमीटरनं काय बिघडतं, असं खरादवाल्यानं विचारलं. शास्त्र आहे, असं त्यांनी सांगितलं.

परत येऊन बघतात तो बापूसाहेब केशराच्या खोलीत मांडणीला टेकून गाढ झोपलेले. जागा फार शांत आहे एवढंच म्हणाले आणि मिटले, अशी माहिती प्रेमलाताईंनी दिली. आता सुनेच्या माहेरचा माणूस. तो बसला तर ऊठ म्हणता येत नाही, आणि झोपला तर खोकतासुद्धा येत नाही. एक बसलेला माणूस शंभर वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सोडतो, हे रत्नाकररावांना कारखान्यापासून ठाऊक होतं. बापूसाहेब अंगापिंडानं दोन बल्ब होते.

तापमापक अर्धा अंश चढला. रत्नाकररावांनी प्रणवला फोन केला.

"तुझा माणूस आला. पण ऊब आणखी वाढली."

प्रणवनं कपाळाला हात लावला. बापूसाहेबांबरोबर एक संध्याकाळ त्यानंही काढली होती. एका माणसानं भागणार नाही हे उघड होतं. "पप्पा, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "मी आणखी लोक पाठवतो."

रत्नाकररावांना बरं वाटलं. काम मोठं आहे हे पोराच्या ध्यानात आलं होतं.

शनिवारी सकाळी प्रणवचा खातेगांवचा आतेभाऊ यशराज आला. गप्पांत त्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या तालुक्यात नाही, म्हणून प्रणवनं त्याला निवडला होता. सोयाबीनच्या भावावरून सुरुवात करून तो खोलीत शिरला आणि दुसऱ्या वाक्यात त्याची मान कलली. मग बागेतल्या हास्यमंडळाचे दोन सभासद आले. त्यांनी हात वर करून हसायला सुरुवात केली, पण जांभळ्या उजेडात त्यांचं हसू पिकल्या भोपळ्यासारखं हळूहळू खाली आलं आणि जमिनीवर टेकलं. आकडा एकोणीसवर गेला.

"अरे, किती माणसं पाठवशील? ऊब वाढतेच आहे."

"इतके लोक असून?" प्रणव हादरला. त्यानं थेट वासंतीताईंना फोनवर गाठलं. रविवारी जेवणं होताच वासंतीताई आपलं सात बायकांचं भजनी मंडळ घेऊन दारात उभ्या राहिल्या. प्रेमलाताईंनी टाळांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि चहाचं आधण ठेवायला निघून गेल्या. मंडळानं एक अभंग निम्म्यापर्यंत नेला. उरलेला अभंग जिनं तिनं झोपेत पुरा केला.

त्या खोलीत काहीतरी होतं खरं. जे मधेच जागे होत, ते आधी स्वप्न सांगत आणि मग पाणी मागत. यशराजला आपलं सोयाबीनचं शेत खांबांशिवाय हवेत तरंगताना दिसलं. बापूसाहेबांना धारच्या तलावावर पांढरा हत्ती दिसला. तो पाण्यावरून चालत होता आणि त्याला चवरी ढाळायला कुणी नव्हतं. एवढं सांगून ते त्याला चवरी ढाळायला लगेच परत झोपले. रविवारी दुपारी खुद्द रत्नाकररावांचा दारात उभ्या उभ्या डोळा लागला होता. बस आली होती. ती थांबलीही होती, पण आत अकरा माणसं झोपलेली होती आणि उतरायला वाट नव्हती.

इतका सगळा जमाव झाल्यावर रविवारी चार वाजता प्रणव आणि जान्हवी धारहून येऊन पोहोचले.

"आता कसं वाटतंय, बाबा?" जान्हवीनं सासऱ्यांच्या दंडाला हात लावून हळूच विचारलं. "कंटाळा गेला ना?"

"कंटाळा? कोण कंटाळलंय?"

"तुम्हीच म्हणालात," प्रणव म्हणाला. "बहुत ऊब हो गई. रोज सांगत होते."

 रत्नाकररावांनी मुलाचा हात धरला, त्याला खोलीत नेलं आणि तो हात बापूसाहेबांच्या पाठीवर ठेवला.

"ही ऊब," ते म्हणाले.

प्रणवनं थोडा वेळ हात तसाच ठेवला. "तो गर्मी बोलो ना, पप्पा."

"आणि माळ म्हणजे?" जान्हवीला पुढचा धोका दिसला होता. सासऱ्यांनी छताकडे बोट दाखवलं.

जान्हवीनं तोंडाला पदर लावला. आजीच्या तोंडची मराठी तिला येत होती. नवऱ्यानं ऊब हा शब्द तिला ऐकवला असता तर तीन दिवस वाचले असते. पण त्यानं तो तिला भाषांतर करून सांगितला होता.

भांडायला वेळ नव्हता. कोंबांना एवढी गरमी सोसत नाही, आणि उद्या साफसफाई. प्रणव माळ्यावर चढला. पाहुण्यांना उठवायचं नाही, म्हणून त्यानं छताला भोक पाडलं ते ड्रिल मशीनला टॉवेल गुंडाळून. तरी पांढरी भुकटी खाली आलीच. ती वासंतीताईंच्या केसांवर, टाळांवर आणि हास्यमंडळाच्या उघड्या तोंडांवर अलगद उतरली. वासंतीताई झोपेतच हसल्या, बर्फ पडतोय म्हणाल्या आणि पदर ओढून घेतला. त्यांना कुणी दुरुस्त केलं नाही.

नळी भोकात सैल पडली. बरोबर दोन मिलिमीटरनं. प्रेमलाताईंनी शिवणाच्या चिंध्या आणून फट बुजवली आणि एक शब्द बोलल्या नाहीत. रत्नाकररावांना तो सगळा ऐकू आला.

पंखा लागला. खोलीनं दीर्घ श्वास सोडल्यासारखं झालं. तीन दिवसांची ऊब, अर्धा अभंग, तरंगतं सोयाबीन, सगळं मिळून माळ्यावर चढलं आणि पत्र्याखालच्या झरोक्यातून गल्लीवर पसरलं. विजेच्या तारेवरचं कबुतर एका पायावर झोपी गेलं. आकडा उतरू लागला तशी माणसंही जागी होऊ लागली. त्यांनी चहा घेतला, पुढची बैठक कधी आहे असं विचारलं आणि डोळे चोळत घरी गेली. बापूसाहेब तेवढे राहिले.

त्यांच्या खांद्यामागच्या ट्रेमध्ये जान्हवीला ते दिसलं. बाकी कोंब मान टाकून होते. एकच ताठ उभा होता. टाचणीएवढा नव्हता, चांगला बोटाच्या पेराएवढा, आणि त्याचं टोक गडद झालेलं.

चौघं वाकून बघू लागले. टोक जांभळं होतं. पण त्या उजेडात प्रणवचा शर्टही जांभळा होता, आणि बापूसाहेबांची मिशीही. फूल उमलायला लागलंय की कोंब जळून काळा पडलाय, हे पांढऱ्या उजेडाशिवाय कळणार नव्हतं. ट्यूबचं बटण दारापाशी होतं. ट्रे ओढून बाहेर आणता आला असता, पण मांडणीच्या त्या पायाला बापूसाहेबांनी झोपेत मिठी मारली होती. ट्यूब बरोबर त्यांच्या डोळ्यांवर येत होती.

"उठवू का?" प्रेमलाताईंनी विचारलं.

"नको," रत्नाकरराव म्हणाले. "व्याह्यांकडचे आहेत."

त्यांचा आवाज फारच मऊ होता. प्रेमलाताईंनी नवऱ्याकडे नीट बघितलं. ते बटणाकडे बघत नव्हते. कोंबाकडे बघत होते, बसच्या खिडकीतून बघावं तसं.

"मी थांबेन," त्या म्हणाल्या. "पण उद्या सकाळी साफसफाई आहे म्हणजे आहे."

शेवटचं कळलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. खोलीत बरोबर सतरा अंश होते. बापूसाहेब झोपलेलेच होते. बटण कुणी दाबलं नव्हतं, आणि प्रणवनं आईच्या सांगण्यावरून शिवणाचं मशीन जिन्याच्या निम्म्यापर्यंत आणून ठेवलं होतं.