परांजपे सरांची सोयरीक

लोणावळ्यात आमच्या चिक्कीच्या दुकानावर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, चिक्की ताजी आहे ना? परांजपे सर विचारतात, "रफिकभाई, एखादं पोतं भिजलं का हो?"

सर आमचे शेजारी. पुण्याच्या एका शेतकी कॉलेजातून रिटायर झाले, बुरशीतून मात्र नाही. आमचे बुरसटलेले शेंगदाणे ते पुडीत बांधून घरी नेतात. दाण्यावर विष करणाऱ्या दोन बुरश्या असतात म्हणे, चुलत घराण्यातल्या. सर त्यांची सोयरीक जमवतात. दोघींना एका बशीत ठेवायचं, वर अंधार करायचा आणि महिनोन् महिने वाट बघायची. पोटी एखादं बिनविषारी पिल्लू येईल, ही आशा.

बशा असतात सायलीच्या खोलीत. सायली म्हणजे सरांची एकुलती एक. गेल्या वर्षी तिनं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं. सर गेले नाहीत, बोलणंही टाकलं. त्या खोलीचं दार कुणी ढकललं तर मात्र कुजबुजतात, "हळू. नवं जोडपं आहे. घाई नको." 'घाई नको' हे त्यांचं पालुपद. रिक्षावाल्यालाही तेच ऐकवतात.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, बुरशीला परघरचं स्थळ चालतं, मग पोरीचंच काय वाकडं?"

सर पुडी तिथंच टाकून गेले. महिनाभर फिरकले नाहीत. बायको म्हणाली, तुमच्या जिभेला हाड नाही. म्हटलं, नसू दे.

परवा आले. मी विचारलं, "लागला का निकाल?"

"लागला. काही पिल्लं आईबापापेक्षा जहाल, काही अगदी गरीब. आधी सांगता येत नाही." मग घसा खाकरून म्हणाले, "चांगले दाणे दाखवा."

चांगले दाणे त्यांनी कधी मागितले नव्हते. चिक्की तर तोंडालाही लावत नाहीत.

"सायलीचा फोन आला होता. दिवस गेलेत तिला. चिक्कीचे डोहाळे लागलेत. डोहाळे पुरवावे लागतात ना."

स्टूल ओढून निवडायला बसले. एकेक दाणा उजेडात धरायचे. गिऱ्हाइकं खोळंबली. मी म्हटलं, "सर, माल निवडलेलाच आहे."

"घाई नको."

सुरकुतलेले दाणे बाजूला पडत गेले. ते त्यांनी पुडीत बांधलेही नाहीत. निवडलेल्या दाण्यांची मी त्यांच्यासमोरच चिक्की करून दिली.

डबा घेऊन पायरी उतरले आणि परत वळले. "थोडी तिळाचीही द्या. काजूचीही."

"ती कुणाला?"

"जावयाला." मग डब्याकडे बघत म्हणाले, "त्याला काय आवडतं, मला ठाऊकच नाही हो."