आजोबांच्या पँटची मोजणी

ईशान आणि रेवा,

परवा फोनवर ईशानने विचारलं, "आजी, ते समोरचे आजोबा मला चार्जरच्या वायरने कंबर का मोजायला लावत होते?" मी तेव्हा चिडलेली होते, म्हणून "डोकं फिरलंय त्यांचं" एवढंच बोलले. राग अजून पुरता गेलेला नाही. पण उद्या पार्सल निघणार आहे, आणि त्यात काय येतंय हे तुम्हाला नीट कळायला हवं, म्हणून आजच लिहिते.

समोरच्या घरातले बापूराव कोणी भेटलं की चेहऱ्याकडे बघत नाहीत. आधी पायांकडे बघतात. पँट चपलेवर किती लोळते, घोट्याशी किती फुगते, हे बघून झालं की मग रामराम. मूळचे वालूरचे. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. शेतांच्या हद्दी ठरवण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर शेतं संपली आणि ते लोकांच्या पँटींवर आले. घरात त्यांच्या बायकोचं, शांताबाईंचं, शिलाई मशीन होतं. शांताबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मशीन बापूरावच चालवतात.

रेडीमेड पँटचं नाव काढलं की ते पेटतात. "चौतीस, छत्तीस, अडतीस! माणसं काय दोन-दोन इंचानं वाढायलीत का? मधल्यानं काय करायचं, धोतर नेसायचं?" टेलरवर तर त्याहून राग. "कैची हातात आली की ह्यांना दम न्हाई. कापलेलं कापड परत येतंय का?" स्वतः ते कापत नाहीत. जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत बँकेतले एक साहेब राहायला आले. पहिल्याच सकाळी पेपर उचलायला वाकले, तर बापूराव रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर हजर. "साहेब, तुमच्या पँटीनं तुमच्या टाचेवर अतिक्रमण केलंय." ओळख ना पाळख! साहेबांना वाटलं, पावती फाडतात की काय. संध्याकाळी साहेब बापूरावांच्या ओट्यावर लुंगीत बसलेले मी स्वतः पाहिले. आत मशीन चालू होतं.

बरं, काम सरळ करतील तर शपथ. आधी खडूने हद्द आखायची. मग जमीन मोजताना लगतच्या शेतवाल्यांना बोलावतात, तशी शेजारच्या दोघांना हाक मारायची. "लगतधारक हजर पाहिजेत. मागून तक्रार नको." मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आणि दुसऱ्याच्या पँटच्या खडूच्या रेघेवर साक्षीदार म्हणून उन्हात उभी राहते. काय म्हणावं याला?

आणि हे एवढं जगाला नीटनेटकं करणारे गृहस्थ स्वतः कसे फिरतात? पोत्याचं तोंड आवळावं तशी कमरेला चुण्या पडलेली राखाडी पँट. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली जादा भोकं. पट्ट्याचं टोक पार पाठीपर्यंत जातं. मी एकदा तोंडावर म्हटलं, "बापूराव, आधी स्वतःची करा की!"

"माझी मोजणी झालेली हाय, बाई," म्हणाले आणि विषयच बदलला.

तर अशा माणसाच्या हाती मी तुमच्या आजोबांची पँट दिली.

ईशानला पदवी घेताना आजोबांची तपकिरी लोकरी पँट घालायची आहे. आजोबांच्या कपड्यांतली ती एकच उरली आहे. बाकीचे मी, ते गेल्यावर पहिल्या महिन्यातच, घड्या घालून, नावं लिहून वाटून टाकले. फार शिस्तीने वाटले. त्याबद्दल आता बोलत नाही. आजोबांची कंबर सदतीस, ईशानची चौतीस. आधी बाजारात टेलरकडे गेले. त्याने पँट उलटी केली आणि बोलता बोलता कात्री उचलली. मी पँट ओढून घेतली आणि घरी आले.

बापूरावांना मी ईशानची मापं सुवाच्य अक्षरात लिहून दिली. त्यांनी कागद परत केला. "कागदावरची मोजणी आमी मानत न्हाई. माणूस जागेवर पाहिजे." माणूस सातासमुद्रापार! म्हणून तो व्हिडिओ कॉल, आणि ईशानच्या घरात टेप नाही म्हणून ती चार्जरची वायर.

त्यानंतर तीन आठवडे काही नाही. विचारलं की, "काम चालू हाय." मग एक दिवस दाराखालून लिफाफा आला. आत त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: 'मोजणीची नोटीस. लगतधारकाने समक्ष हजर राहावे.' माझ्या घरातल्या पँटची मलाच नोटीस! मी फाडून टाकली. आठवड्याने दुसरी आली. ती रद्दीत घातली.

काल सकाळी मात्र गेलेच. "बापूराव, पँट द्या. केली असेल तशी द्या. पोराचा समारंभ तुमच्यासाठी थांबणार नाही."

"तुमीच आला न्हाईत, बाई. दोनदा नोटीस काढली."

"मला कशाला नोटीस? मी कोण लगतधारक?"

त्यांनी पँट उलटी करून मागची शिवण माझ्यासमोर धरली. तपकिरी कापडावर निळ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके.

"ही हद्द कुणाची?" त्यांनी विचारलं.

माझीच. पिंगळीला लग्न होतं. गाडीची वेळ झाली आणि आजोबांच्या पोटावर हुक लागेना. घरात तपकिरी दोरा नव्हता. मी मागची शिवण उसवून, सैल करून, हाती लागला त्या दोऱ्याने शिवली. आजोबा लग्नभर भिंतीला पाठ लावून उभे होते. कोणी बसा म्हटलं की म्हणत, "उभ्याने बरं वाटतं." हे सगळं मी विसरून गेले होते.

"पँट बारीक करायची तर रीतीनं ही शिवण उसवावी लागती," बापूराव म्हणाले. "तुमच्या हातची हाय. विचारल्याबिगर कशी उसवू?"

मी खुर्चीवर बसले. "उसवू नका."

"मग आतून नवी टीप मारतो. कापड सगळं आत ऱ्हाईल. बसताना जरा टोचंल पोराला."

"टोचू द्या."

त्यांनी माझ्यासमोरच टीप मारली. पाच मिनिटांचं काम. महिनाभर माझ्यासाठी अडलं होतं. दोरा तोडायला ते उठले तशी त्यांची ती राखाडी पँट पुन्हा घसरली आणि त्यांनी ती एका हाताने वर ओढली. मला राहवलं नाही. "अशीच आतून टीप मारून तुमची का नाही करत?"

ते मशीन पुसायला लागले. त्यावर धूळ नव्हती.

"ही शांतेनं शिवली. शेवटची. तवा मी एवढा होतो. माप तिनं घेतलेलं हाय, बाई. फेरमोजणी न्हाई करायची."

त्यांनी नोटिशीची तिसरी प्रत पुढे केली. मी त्यावर 'हजर' लिहून सही केली.

ईशान, पँट उद्या निघेल. मागची शिवण उलटी करून बघ. निळा दोरा जागेवर आहे. आजोबांची तीन इंच कंबर आत दुमडलेली आहे, कापलेली नाही.

तुमची आजी
परभणी