पदूशेठ माइक निवडतात

पदूशेठ कुणाच्याही घरात शिरले की आधी एक टाळी वाजवतात. मान तिरकी करून ऐकतात आणि मग निकाल देतात, "आवाज घुमतंय. पडदं लावा." आम्ही नवीन सोफ्याच्या कौतुकाची वाट बघत होतो; त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

पदूशेठ मूळचे विचुंब्याचे. त्यांच्या शेतात आता आमची सोसायटी उभी आहे. त्यांचा धंदा हळदीला डीजे लावण्याचा. त्यांचे स्पीकर सुरू झाले की आमच्या शोकेसमधले ग्लास आपापली जागा बदलतात. तक्रार केली तर म्हणतात, "हलद हाय, मयत नाय!"

माझी मुलगी सई कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी फिल्म करत होती, तीही पदूशेठांच्या आईवर. म्हातारी धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी. गावात आता ती एकटीच उरलेली, आणि तिचाही आवाज बसत चाललेला. नातीच्या हळदीला गाईन, पुढे जमायचं नाही, असं तिने सांगून टाकलं होतं. तेव्हाच रेकॉर्ड झालं तर झालं.

सईच्या ग्रुपने सगळे पैसे मागचं धूसर दाखवणाऱ्या लेन्सवर उडवले होते. आवाजाचं काय? "मोबाईल आहे ना!" हे कानावर पडताच पदूशेठांनी सगळी सूत्रं आपल्या हाती घेतली.

पनवेलच्या भाड्याच्या दुकानात त्यांनी प्रत्येक माइक नारळासारखा कानाशी हलवून पाहिला. कॉलरला लावायचा माइक बघून म्हणाले, "ह्यो माइक हाय का पेनाचा टोपान?" केसाळ माइकवर त्यांनी आधी हात फिरवला, मग दुकानभर घुमेल असं ओरडले, "हॅलो, चेक! नवरीचे मामा असतील तिथून मंडपात यावे!" शेजारच्या दुकानातून दोन माणसं खरंच बघायला आली. शेवटी सगळ्यात मोठा म्हणून तोच केसाळ माइक ठरला.

हळदीच्या संध्याकाळी म्हातारी पाटाशेजारी बसून गाऊ लागली. सईने हेडफोन लावले आणि कपाळाला हात लावला. "काका, फक्त तुमचा डीजे येतोय!"

घरच्या हळदीला स्वतःचा डीजे नसेल तर गावात नाक कापलं जाईल, म्हणून शेठनी दुप्पट स्पीकर लावले होते. "माइकच भिकार हाय," म्हणत त्यांनी हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावले. समोर आईचे ओठ हलत होते. कानात नुसता धडधडाट. ते बराच वेळ आईच्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठले, डीजेच्या जनरेटरपाशी गेले आणि तो बंद केला.

नाचणारी पोरं जागच्या जागी थबकली. कुणीतरी शिवी हासडली. म्हातारी मात्र गातच होती. बारीक, कापरा, पण सुरेल आवाज. पदूशेठ परत येऊन तिच्यासमोर मांडी घालून बसले. हळूच मला म्हणाले, "भाऊ, मी कायम स्पीकरच्या बाजूला. आय काय गाते ते कदी आयकलंच नाय." एवढा मोठा माणूस डोळे पुसत होता.

एवढी शांतता म्हातारीलाच खटकली. ती गाता गाता थांबली.

"पदू, लाइट गेली काय रं?"

"नाय, आये. तू म्हन."